एपीआय फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट: सिक्लिडच्या टँकसाठी घ्यावं का?

प्लास्टिकच्या ट्रेमध्ये सात बाटल्या, टोपणाच्या चार काचेच्या नळ्या आणि एक रंगतक्ता. एवढ्यात माशांच्या टँकमधल्या पाण्याच्या पाच चाचण्या होतात: साधा पीएच, हाय रेंज पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट. एपीआय ही पेनसिल्वेनियातल्या चॅलफंटची अमेरिकन कंपनी. किट आपल्याकडे आयात होऊन येतं, म्हणून त्या किमतीत एक बरा एअरपंप आणि दोन स्पंज फिल्टर येतील. मग एवढे पैसे पाण्याला रंग आणणाऱ्या थेंबांवर का घालायचे, हा प्रश्न नवा माणूस विचारणारच. गप्पी, मॉली पाळणाऱ्याने हे किट नाही घेतलं तरी निभावतं. आफ्रिकेतल्या मालावी सरोवराचे सिक्लिड पाळणाऱ्याचं मात्र निभावत नाही. त्याचं कारण अमोनियाची बाटली आणि पीएचची बाटली एकत्र वाचण्यात आहे. पण नेमकं सिक्लिडवाल्याला सगळ्यात जास्त लागणारं एक माप या किटमध्ये नाही. त्याकडे पुढे येऊच.

आधी अमोनिया. नळीत ५ मिली पाणी, पहिल्या बाटलीचे ८ थेंब, दुसरीचे ८ थेंब, टोपण लावून ५ सेकंद हलवायचं, ५ मिनिटं थांबायचं. पिवळा रंग म्हणजे शून्य, आणि हिरवा जितका गडद तितका अमोनिया जास्त. तक्त्यावर ०, ०.२५, ०.५, १, २, ४ आणि ८ पीपीएमचे (म्हणजे लिटरला तितक्या मिलिग्रॅमचे) चौकोन आहेत.

ही चाचणी एकूण अमोनिया मोजते. पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जो माशाला फारसा त्रास देत नाही, आणि दुसरा मोकळा अमोनिया, जो कल्ले जाळतो. कोणतं रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. २८ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर मोकळा अमोनिया एकूणाच्या जेमतेम ०.७ टक्के असतो. त्याच तापमानाला पीएच ८.२ झाला की तो १० टक्क्यांवर जातो. म्हणजे चौदा पट. टेट्राच्या, पीएच ७ च्या टँकमध्ये अमोनिया १ पीपीएम दिसला तर मोकळा भाग ०.००७ पीपीएम, आणि यलो लॅब या मालावीच्या सिक्लिडच्या, पीएच ८.२ च्या टँकमध्ये फक्त ०.२५ दिसला तरी मोकळा भाग ०.०२५. तक्त्यावर चौपट कमी दिसणारं पाणी प्रत्यक्षात साडेतीन पट जास्त विषारी आहे. मोकळा अमोनिया ०.०५ च्या आसपास पोचला की कल्ल्यांना इजा सुरू होते असं धरून चालावं. मालावीच्या टँकमध्ये तो आकडा तक्त्यावरच्या ०.५ ला येतो.

आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हे आणखी बिघडतं. हीटर बंद असूनही पाणी ३१ अंशांवर जातं. पीएच ८.४ असेल तर मोकळा भाग जवळपास १८ टक्के होतो. म्हणून सिक्लिडवाल्याने तक्त्यावरचा रंग एकटा वाचू नये. अमोनियाची नळी आणि हाय रेंज पीएचची नळी शेजारी शेजारी ठेवावी, थर्मामीटर बघावा आणि मगच घाबरायचं की नाही ते ठरवावं. या किटचे पैसे मुख्यतः याच जोडीसाठी द्यायचे आहेत.

पाच-इन-वन पट्ट्या स्वस्त पडतात, त्यामुळे बरेच जण त्या घेतात. एपीआयच्याच पाच-इन-वन पट्टीवर जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा), केएच (बायकार्बोनेटचा साठा), पीएच, नायट्राइट आणि नायट्रेट आहेत, अमोनिया नाही. नव्या टँकमध्ये पहिल्या महिन्यात जे मोजायचं तेच तिथे नसतं. शिवाय पट्टीवरचे चौकोन एकमेकांत ओघळतात. रोजच्या नजरेसाठी पट्टी ठीक आहे, पण मासे वर येऊन तोंड मारत असताना निर्णय घ्यायला पुरत नाही.

आता ०.२५ चा घोळ. या किटविषयी सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच: मासे ठणठणीत आहेत, टँक वर्षभर जुना आहे, तरी अमोनिया ०.२५ का दाखवतो? बहुतेक वेळा दोष उजेडाचा असतो. पिवळसर एलईडी किंवा टँकच्या निळ्या दिव्याखाली शून्याचा पिवळा आणि ०.२५ चा फिकट पोपटी यांतला फरक मिटतो. नळी दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, तक्त्याच्या पांढऱ्या भागावर धरायची आणि बाजूने बघायची. शंका असेल तर दुसऱ्या नळीत आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घेऊन तीच चाचणी करायची आणि दोन्ही नळ्या शेजारी ठेवायच्या. रंग सारखा आला तर तुमच्या टँकमध्येही शून्यच आहे. तक्त्याशी जुळवण्यापेक्षा ही तुलना कितीतरी भरवशाची. नव्या बाटल्या आल्या की एकदा हे करून ठेवावं, म्हणजे आपल्या डोळ्यांना शून्य कसं दिसतं ते कळतं.

दुसरं कारण पाण्यात घातलेल्या औषधाचं असतं. अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर टाकल्यावर अमोनिया बांधला जातो, नाहीसा होत नाही. ही चाचणी बांधलेला अमोनियाही मोजते. त्यामुळे कंडिशनर टाकूनही आकडा खाली आला नाही, म्हणून दुप्पट-तिप्पट डोस टाकत सुटू नये.

नायट्राइटची चाचणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात स्पष्ट. एकाच बाटलीचे ५ थेंब, ५ सेकंद हलवणं, ५ मिनिटं थांबणं. आकाशी म्हणजे शून्य, जांभळा म्हणजे संकट. इथे शंकेला जागाच राहत नाही. चालू टँकमध्ये शून्याखेरीज काहीही आलं तर फिल्टर कमी पडतोय. पाणी बदलण्याबरोबर दर १०० लिटरला १५ ग्रॅम साधं, आयोडीन नसलेलं मीठ विरघळवून घातलं तर क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरायला अडथळा होतो. मालावीच्या माशांना एवढ्या मिठाचा त्रास नाही. हा तात्पुरता उपाय आहे, फिल्टरमधले जिवाणू वाढेपर्यंतचा.

नायट्रेटच्या चाचणीत मात्र सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या बहुतेक खोटा दिलासा देणाऱ्या असतात. पद्धत अशी: ५ मिली पाण्यात पहिल्या बाटलीचे १० थेंब, नळी काही वेळा उलटीसुलटी करायची. मग दुसरी बाटली ३० सेकंद जोरात हलवायची, तिचे १० थेंब घालायचे, नळी पूर्ण १ मिनिट हलवायची आणि ५ मिनिटं थांबायचं. दुसऱ्या बाटलीतला घन भाग तळाशी बसतो. बाटली महिनाभर उभी असेल तर तो घट्ट चिकटून बसतो. न हलवता घेतलेल्या थेंबांत काम करणारा पदार्थ जवळजवळ नसतो, आणि पाण्यात ८० पीपीएम नायट्रेट असलं तरी नळी पिवळसर राहते. माणूस म्हणतो, ‘वा, माझं नायट्रेट ५ च आहे,’ आणि पाणी बदलायचं पुढे ढकलतो. माशांनी भरलेल्या, महिनाभर पाणी न बदललेल्या टँकमध्ये नायट्रेट ५ आलं, तर आधी बाटलीवर संशय घ्यावा. ३० सेकंद म्हणजे घड्याळ लावून ३० सेकंद. बाटली बरेच दिवस वापरली नसेल तर आधी ती टेबलावर चार-पाच वेळा आपटून तळ मोकळा करावा आणि मग दीड-दोन मिनिटं हलवावी.

अशा चुकीमुळे दुसरी बाटली आयुष्यभरासाठी बिघडते, हेही ध्यानात घ्या. सुरुवातीला न हलवता वापरलं की पातळ भाग आधी संपतो आणि शेवटी उरलेल्या दाट भागाने आकडे उगाच फुगतात. म्हणून सुरुवात पहिल्याच चाचणीपासून नीट करायला हवी.

रंगतक्त्याचा दोष इथे खरा आहे. ० ते २० पर्यंत पिवळा ते नारिंगी असा फरक दिसतो, पण ४०, ८० आणि १६० हे तिन्ही लाल बहुतेकांच्या डोळ्यांना वेगळे वाटत नाहीत. सिक्लिडचे टँक नेमके याच पट्ट्यात असतात. उपाय सोपा आहे. मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणावी. १ मिली टँकचं पाणी आणि ४ मिली आरओचं पाणी घेऊन चाचणी करावी आणि आलेला आकडा ५ ने गुणावा. नळी २० दाखवते तेव्हा टँकमध्ये १०० आहे. नायट्राइट ५ च्या वर गेल्यावरही हीच युक्ती चालते. सिरिंजचा दुसरा फायदा असा की नळीवरच्या ५ मिलीच्या रेघेशी डोळा लावून बसावं लागत नाही. पाण्याची पातळी काचेजवळ वर चढते, आणि मोजायचं असतं ते मधल्या खोलगट भागाच्या तळाशी. अर्धा मिली इकडेतिकडे झाला तरी रंग एका चौकोनाने सरकू शकतो.

सायकलिंग, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये वाढवणं, चालू असताना नायट्रेटची चाचणी करू नये, कारण ती आधी नायट्रेटचं नायट्राइट करते आणि मग तेच मोजते. पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर तेही त्यात मिसळून आकडा फुगतो. नायट्राइट शून्यावर आल्यावरचं नायट्रेटच खरं.

सायकलिंगचा विषय निघालाच आहे, तर किटच्या दृष्टीने ती एका परिच्छेदात संपते. मासे न घालता २०० लिटरच्या टँकमध्ये २ पीपीएम अमोनिया आणायला सव्वा ग्रॅम अमोनियम क्लोराइड लागतं. हाच आपला नवसागर. पण कल्हईसाठी मिळणारा नवसागर शुद्ध असेलच असं नाही, तेव्हा प्रयोगशाळेसाठीचं रसायन विकणाऱ्याकडून तो घ्यावा. दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया मोजायचा, तो उतरला की पुन्हा तेवढाच डोस द्यायचा. २ पीपीएम टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की फिल्टर तयार. मबुना, म्हणजे मालावीचे दगडांत राहणारे सिक्लिड, आपण मुद्दाम जास्त संख्येने ठेवतो, म्हणजे एकाच माशावर सगळ्यांचा मार पडत नाही. त्यामुळे फिल्टरला पहिल्या दिवसापासून मोठा भार पेलावा लागतो. या चाचणीशिवाय पंधरा मासे एकदम सोडणं धोक्याचं.

आता पीएच. किटमध्ये दोन बाटल्या आहेत. साध्या पीएचची (३ थेंब) ६.० ते ७.६ दाखवते, हाय रेंजची (५ थेंब) ७.४ ते ८.८. साधी बाटली ७.६ चा निळा दाखवत असेल तर त्याचा अर्थ ‘७.६ किंवा त्याहून वर, कितीही’ असा असतो. नेमकी इथेच फसगत होते. मालावीच्या टँकचं पाणी साध्या बाटलीने मोजून ‘माझा पीएच ७.६ आहे’ म्हणून पीएच वाढवायला सोडा टाकत राहणारे पुष्कळ आहेत, आणि प्रत्यक्षात तो ८.४ असतो. मालावी किंवा टांगानिका या आफ्रिकेतल्याच दुसऱ्या सरोवराचे मासे असतील तर एरवी साध्या बाटलीला हात लावायची गरज नाही. नळाचं पाणी मोजायचं असेल तर ते उघड्या भांड्यात एअरस्टोन लावून एक दिवस ठेवावं आणि मग मोजावं. नळातून नुकतं आलेल्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड पीएच खोटा दाखवतो.

हाय रेंज मालावीला पुरते. टांगानिकाला ती काठावर पडते. त्या सरोवराचा पीएच ८.६ ते ९ च्या पुढे जातो आणि तक्ता ८.८ ला संपतो. ट्रोफियस हे टांगानिकाचे सिक्लिड पाळणाऱ्याने पीएच पेन घ्यावा आणि तो ९.१८ च्या बफरने कॅलिब्रेट करावा, फक्त ६.८६ ने नव्हे. दुसऱ्या टोकाला, मऊ पाण्यात राहणाऱ्या रॅम आणि डिस्कसवाल्यांना ६.० च्या खालचं काही दिसत नाही. त्यांच्या टँकमध्ये ६.० चा पिवळा आला तर खरा पीएच ५ ही असू शकतो.

किटच्या खोक्यावर ८०० चाचण्या लिहिलेलं असतं. हा आकडा खोटा नाही, पण त्याची वाटणी बघायला हवी. साध्या पीएचच्या सुमारे २५०, नायट्राइटच्या १८०, हाय रेंजच्या १६०, अमोनियाच्या १३० आणि नायट्रेटच्या अवघ्या ९०. मालावीवाल्याला त्यातल्या २५० कामाच्या नाहीत. नायट्रेट आठवड्याला एकदा मोजलं तर पावणेदोन वर्षांत बाटल्या रिकाम्या होतात आणि साध्या पीएचची बाटली भरलेलीच राहते. नायट्रेटच्या बाटल्या सुट्या मिळतात, तेव्हा दुसऱ्यांदा पूर्ण किट घेऊ नये. जे संपलं तेवढंच आणावं.

आणि आता जे नाही त्याविषयी. केएच म्हणजे पाण्यातला बायकार्बोनेटचा साठा. तोच पीएचला जागेवर धरून ठेवतो, आणि तो अंशांत मोजतात. या मास्टर किटमध्ये केएच नाही आणि जीएचही नाही. एपीआयचं जीएच-केएच किट वेगळं, दोन बाटल्यांचं, विकत घ्यावं लागतं. सर्वसाधारण गोड्या पाण्याच्या टँकसाठी बनवलेल्या किटमध्ये हे एकवेळ समजून घेता येईल. मालावीवाल्यासाठी मात्र ही मोठी उणीव आहे, आणि साध्या पीएचच्या बाटलीच्या जागी केएचची बाटली असती तर या किटला नाव ठेवायला जागा उरली नसती.

कारण बघा. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल सोडतात आणि ते आम्ल केएच खातं. नायट्रेट ४० पीपीएमने वाढलं म्हणजे केएच साडेतीन अंशांनी खाली आला, हा हिशेब पक्का आहे. मुंबईला भातसा-वैतरणा-तानसाचं आणि पुण्याला खडकवासला साखळीचं पाणी येतं, म्हणजे पावसाचं साठवलेलं, मऊ. अशा पाण्यात केएच मुळातच कमी. खूप मासे, भरपूर खाणं आणि पंधरा दिवसांनी पाणी बदलणं, या तिन्ही गोष्टी जुळल्या की साठा संपतो आणि पीएच धाडकन पडतो. पीएच साडेसहाच्या खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठायला लागतो. पण पीएच कमी असल्याने तो अमोनियमच्या रूपात असतो, म्हणून मासे जिवंत राहतात, फक्त मरगळतात.

समजा पीएच ६.२ आणि अमोनिया ४ पीपीएम आहे. मोकळा भाग साधारण ०.००४. मालक घाबरतो, अर्धं पाणी बदलतो, पीएच ७.८ वर येतो. एकूण अमोनिया निम्मा, २ पीपीएम, पण मोकळा भाग आता ०.०८ च्या पुढे. निम्मं पाणी बदलूनही विष एकोणीस पट वाढलं, आणि रात्रीत मासे गेले. लोक नळाच्या पाण्याला, क्लोरीनला, दुकानदाराला दोष देतात. किटमधल्या बाटल्या हे सगळं दाखवत असतात, पण पीएच आणि अमोनियाचे आकडे एकत्र वाचले तरच. साध्या पीएचची बाटली मालावीच्या टँकमध्ये उपयोगी पडते ती एवढ्या एका प्रसंगात: हाय रेंज ७.४ च्या तळाला टेकली तर ती काढायची. पीएच खरंच पडलेला असेल तर रोज १० टक्केच पाणी बदलायचं, खाणं पूर्ण बंद ठेवायचं, अमोनिया बांधणारं कंडिशनर घालायचं आणि केएच दिवसाला एका अंशाने वर न्यायचा.

केएचची चाचणी स्वतः अगदी सोपी आहे. ५ मिली पाण्यात एकेक थेंब टाकत जायचं आणि प्रत्येक थेंबानंतर हलवायचं. निळ्याचा पिवळा होईपर्यंत जितके थेंब लागले तितके अंश केएच. जीएचला नारिंगीचा हिरवा होईपर्यंत. मालावीच्या टँकला केएच ६ ते ८ ठेवावा. तो वाढवायला १०० लिटरला एका अंशासाठी ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो. २०० लिटरच्या टँकमध्ये २ वरून ६ वर न्यायचं तर २४ ग्रॅम, चार दिवसांत वाटून, बादलीत विरघळवून. बेकिंग पावडर नको, त्यात आम्ल मिसळलेलं असतं. पापडखार आणि धुण्याचा सोडाही नको, त्यांनी पीएच एकदम उडी मारतो. जीएचसाठी १०० लिटरला एका अंशाला साडेचार ग्रॅम एप्सम सॉल्ट. फिल्टरमध्ये कोरलचा चुरा ठेवला तर तो हळूहळू विरघळून साठा भरत राहतो, पण पाणी आधीच अल्कलीकडे असेल तर त्याचं विरघळणं जवळजवळ थांबतं. तेव्हा चुऱ्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये.

मराठवाडा-विदर्भातल्या बोअरच्या पाण्यावर चित्र उलटं असतं. केएच, जीएच आधीच भरपूर, सोडा लागतच नाही. तिथे किटचा पहिला उपयोग नायट्रेटसाठी करावा, तोही टँकच्या आधी बोअरच्या पाण्यावर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे पिण्यायोग्य ठरलेलं पाणीसुद्धा ४० वर सुरू होऊ शकतं. अशा पाण्याने कितीही वेळा बदललं तरी टँक ४० च्या खाली येणार नाही, आणि माणूस फिल्टरला दोष देत बसतो.

नायट्रेटच्या आकड्यावरून पाणी किती बदलायचं ते थेट काढता येतं. दोन आठवडे मोजून पाहा, आठवड्यात नायट्रेट किती वाढतं. ते २० ने वाढत असेल आणि नळात नायट्रेट नसेल, तर आठवड्याला ५० टक्के पाणी बदलल्यास बदलण्याआधीचा आकडा ४० वर स्थिरावतो, २५ टक्के बदलल्यास ८० वर. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न यांच्यासारख्या धो-धो खाणाऱ्या माशांना २५ टक्के का पुरत नाही, ते या भागाकारात दिसतं. आणखी एक उपयोग कमी लोकांना सुचतो. दगडांची उंच रास असलेल्या मबुनाच्या टँकमध्ये सगळं सुरळीत असताना अचानक अमोनिया ०.५ दिसला, तर आधी मासे मोजावेत. बहुतेक वेळा एखादा दगडांमागे मरून पडलेला असतो.

हाताळणीविषयी थोडं. थेंब टाकताना बाटली पूर्ण उभी धरावी. तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो, आणि हवेचा बुडबुडा आला तर तो थेंब मोजू नये. हलवताना तोंडावर अंगठा ठेवू नये, टोपणच लावावं, कारण अमोनियाच्या दुसऱ्या बाटलीत कॉस्टिक सोडा आणि ब्लीच आहे, आणि नायट्रेटच्या पहिल्या बाटलीत आम्ल. या दोन नळ्यांचं पाणी एकाच भांड्यात ओतू नये. प्रत्येक चाचणी झाली की सिंकमध्ये भरपूर पाण्याबरोबर सोडावी. नळ्या साबणाने धुऊ नयेत. नळाच्या पाण्याने तीन-चारदा विसळून ठेवाव्यात आणि पुढच्या चाचणीआधी ज्याचं पाणी मोजायचं त्याच पाण्याने पुन्हा विसळाव्यात. चारच नळ्या येतात, त्यामुळे नायट्रेटसाठी एक कायमची राखून ठेवावी आणि टोपणांवर मार्करने खुणा कराव्यात. खोका टँकखालच्या कपाटात, फिल्टर आणि दिव्याच्या चोकशेजारी ठेवायची सवय चुकीची. तिथे ऊब आणि दमट हवा दोन्ही असतात. घरातल्या थंड, कोरड्या, मुलांचा हात न पोचणाऱ्या कपाटात तो ठेवावा.

विकत घेताना बाटल्यांवरचा लॉट क्रमांक बघावा. त्यातले शेवटचे चार अंक बनवल्याचा महिना आणि वर्ष सांगतात: ०३२४ म्हणजे मार्च २०२४. ऑनलाइन घेतलं तर खोका उघडल्याबरोबर सातही बाटल्यांवरचे अंक वाचावेत, कारण आयात केलेला माल गोदामात किती दिवस पडून होता ते वरून दिसत नाही. तीन-चार वर्षं जुनी बाटली निघाली तर त्याच दिवशी परत करावी. मागवताना जीएच-केएचच्या दोन बाटल्या त्याच ऑर्डरमध्ये टाकाव्यात, आणि पैसे बेताचेच असतील तर एपीआयची केएच, अमोनिया आणि हाय रेंज पीएच एवढी तीन सुटी किटं आधी घेऊन नायट्राइट, नायट्रेट पुढच्या महिन्यात घ्यावीत.